लोहारद्याचा नाला आणि जीपचे दात

देवास म्हटले की आपल्या मराठी मंडळींच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहतात. एक देवीच्या टेकडीचे, आणि दुसरे १९४८ पासून १९९२ साली निधन होईपर्यंत देवासात राहिलेल्या कुमार गंधर्वांचे. इतिहासाची आवड असणारे फार तर थोरली पाती आणि धाकटी पाती या पवारांच्या दोन गाद्यांची आठवण काढतील. परंतु देवास जिल्हा त्या टेकडीपाशी संपत नाही. दक्षिणेकडे तो विंध्याचा कडा उतरून थेट नर्मदेपर्यंत जातो. त्या खालच्या भागात, कांटाफोड आणि सतवास यांच्या शेजाराला, लोहारदा नावाचे गाव आहे. गावापासून कोसभर आत आमच्या घराण्याची थोडी शेती आहे. गेल्या पौषात पुष्कळ वर्षांनी मी तिकडे जाऊन आलो. निमित्त मात्र जरा विचित्र होते. ते होते मोटारीच्या टायरांचे.

माझ्या पुतण्याच्या मुलाने इंदुरात एक जुनी, चारही चाकांना जोर पोचणारी गाडी विकत घेतली आहे. सुटीच्या दिवशी मित्रांसह डोंगरदऱ्यांत, नदीनाल्यांत गाडी घालण्याचा त्याला नाद आहे. त्याच्या गाडीचे टायर सुमारे २९ इंच उंचीचे. ते काढून ३३ इंचांचे घालावयाचे त्याने मनाशी ठरवले होते. घरात मतभेद झाले आणि प्रकरण माझ्यापाशी आले. मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. मोटारींशी माझा संबंध पंक्चरपुरताच. तरी मी त्याला म्हटले, “बाळ, टायर घेण्याआधी मला एकदा लोहारद्याला घेऊन चल. तिथे तुला एक जुनी जीप दाखवायची आहे.” त्याला वाटले, आजोबांना शेतावर जायची हुक्की आली आहे. तेही खोटे नव्हते.

इंदूरहून कन्नोदच्या रस्त्याला लागले म्हणजे डबलचौकी, चापडा अशी गावे मागे पडत जातात. माळव्याचे पठार इतके सपाट की आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत याची जाणीवही होत नाही. ती होते धनतालाबच्या घाटात. तेथे पठार एकाएकी तुटते. सागाची आणि पळसाची झाडे सुरू होतात आणि खाली दूरवर नर्मदेचे खोरे धूसर दिसू लागते. हा कडा म्हणजे पाण्याची वाटणी आहे. बागलीच्या बाजूला उगम पावणारी काली सिंध उत्तरेला चंबळेकडे जाते, म्हणजे अखेर गंगेला मिळते. कड्याच्या दक्षिणेला पडलेला थेंब मात्र नर्मदेचा. घाट उतरून बिजवाडवरून आपण कांटाफोडच्या अंगाला वळतो, आणि मग लोहारदा.

कन्नोद, खातेगाव हा मुलूख एके काळी होळकरांच्या निमावर जिल्ह्यात होता. आमचे पणजोबा संस्थानच्या नोकरीत कन्नोदला आले आणि इकडचेच झाले. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, १९५६ साली मध्यभारत मध्यप्रदेशात गेला; नोकऱ्या गेल्या, वाडे विकले गेले, शेती तेवढी राहिली. बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर, कोठेही राहणाऱ्या आपल्या वाचकांना ही कथा नवीन नाही. आमच्या घराण्यातले बहुतेक जण इंदूरला आले. थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते आणि त्यांच्या मातोश्री, म्हणजे माझ्या काकू, हे दोघे मात्र शेतावरच राहिले.

लोहारदा हे नाव ऐकताच लोहाराची आठवण व्हावी हे साहजिक आहे. नावाची व्युत्पत्ती सांगण्याचा अधिकार माझा नाही. पण लहानपणी सुटीत शेतावर गेलो म्हणजे लोहाराच्या भट्टीपाशी तासन्‌तास उभा राहत असे हे खरे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणे हा मोठा सोहळा असे. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईतो तापवायची, चौघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे, आणि तुंब्यापासून आऱ्यांपर्यंत सारे चाक करकचून आवळले जाई. उष्णतेने धातू प्रसरण पावतो हा धडा मी पुस्तकाआधी तेथे शिकलो. दुसराही एक धडा तेथेच होता, तो समजायला मात्र फार वर्षे लागली. बैलगाडीचे चाक एवढे मोठे का असते? मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि दगडावर सहज चढते, म्हणून. मग ते आणखी मोठे का करीत नाहीत? कारण गाडी ओढणारे बैल तेच असतात.

हा दुसरा धडा आम्हांला १९८६ च्या पावसाळ्यात मिळाला.

दादांनी त्याच्या आदल्या वर्षी एक जुनी पेट्रोल जीप घेतली होती. उंच बॉनेटची, महिंद्रांच्या कारखान्यातली. मूळ अमेरिकेत १९५३ साली निघालेला आणि तिकडे १९६८ साली बंद झालेला हा नमुना आपल्याकडे पुढेही पुष्कळ वर्षे तयार होत राहिला. शेत आणि गाव यांच्या मध्ये एक नाला आहे. उन्हाळ्यात तो कोरडा. पावसाळ्यात त्याच्या दोन्ही काठांची काळी माती अशी होते की माणसाची वहाण पायातून निघून मातीतच राहावी. जीप दोनदा तेथे रुतली, तेव्हा माझा पुतण्या (आताच्या या मुलाचा बाप, तेव्हा बावीस वर्षांचा) हट्टाने ६.००-१६ मापाचे टायर काढून ७.५०-१६ चे मोठे टायर घालून आला. जीप खरोखर रुबाबदार दिसू लागली. कोरड्या जमिनीवर ती दगडधोंड्यांवरून पूर्वीपेक्षा मऊ चाले. गावातली पोरे मागे धावत. सगळे खूश होते.

ऑगस्टात मी चार दिवसांसाठी तेथे गेलो असताना एका रात्री काकूंना दम्याचा जबरदस्त झटका आला. त्यांचे वय तेव्हा अडुसष्ट. बाहेर पाऊस कोसळत होता; दूरध्वनी गावात एखादाच, आणि शेतावर तर नाहीच. कन्नोदला नेण्यावाचून उपाय नव्हता. काकूंना मागच्या बाकावर उशांच्या आधाराने बसवले, दादा आणि वहिनी दोन बाजूंना, मी पुढे, पुतण्या चक्राशी. नाल्यात पाणी गुडघाभरच होते. जीप पाण्यातून सहज गेली. अडली ती पलीकडच्या चढावर. सर्वांत खालचा गिअर होता, पुढच्या चाकांनाही जोर दिलेला होता, तरी तेवढ्या संथ चालीला इंजिन मान टाकू लागे. ते बंद पडू नये म्हणून पुतण्या क्लच अर्धवट दाबून इंजिन जोरात फिरवी. तिसऱ्या प्रयत्नाला जळक्या फेरोड्याचा तो कडवट वास आला. चौथ्या वेळी इंजिन गर्जत राहिले आणि गाडी जागची हलली नाही. क्लचप्लेट जळून गेली होती.

पुतण्या अंधारात कोसभर धावत गेला आणि कोणाचा तरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्या सव्वा तासात काकूंचा प्रत्येक श्वास आम्हांला ऐकू येत होता. वहिनी त्यांची पाठ चोळीत होत्या. दादा काही बोलत नव्हते. ट्रॅक्टरने साखळीने जीप वर ओढली, काकूंना गावातून दुसऱ्या गाडीने नेले, आणि पहाटे कन्नोदला औषधोपचार मिळाला. त्या वाचल्या, पुढे नऊ वर्षे जगल्या. दुसऱ्या दिवशी बोलण्याइतकी शक्ती आल्यावर त्यांनी खाटेशी बसलेल्या नातवाला विचारले, “चाकं मोठी आणलीस रे, बैल किती आणलेस?”

त्या वाक्याने मी विचारात पडलो. पाऊस ओसरल्यावर कन्नोदचे एक वृद्ध मिस्त्री शेतावर आले, आणि त्यांनी जे दाखवले ते मी तीस वर्षे फळ्यावर शिकवीत होतो. फक्त जीपशी त्याची गाठ घातली नव्हती.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचताना तीन ठिकाणी त्याची गती कमी करून ताकद वाढवली जाते. पहिले ठिकाण गिअरबॉक्स: या जीपच्या पहिल्या गिअरमध्ये ही पट सुमारे २.८. दुसरे, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी: तिच्या खालच्या दांडीत सुमारे २.४६ पट. तिसरे, दोन्ही आसांमधला क्राउन-पिनियनचा जोड. लहान पिनियनला ८ दात आणि मोठ्या क्राउनला ४३ दात असतील, तर पिनियन सुमारे ५.३८ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. तिन्हींचा गुणाकार केला की ३७ येतात. इंजिन ३७ फेरे घेईल तेव्हा चाकाचा एक फेरा. इंजिन मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर २९ इंची चाकावर गाडी ताशी पावणेचार किलोमीटर जाईल. म्हणजे माणसाच्या चालीपेक्षाही किंचित कमी. चिखलातून वर यायला हीच चाल हवी असते.

मिस्त्रींनी आमच्या जीपचे मागचे एक चाक जॅकवर उचलले, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि गिअर सुटा करून हातब्रेकही सोडला. कारण या जुन्या जीपचा हातब्रेक शाफ्टवरच असतो. मग शाफ्टवर आणि टायरवर खडूची खूण करून त्यांनी उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवले. दुसरे चाक जमिनीला टेकलेले असल्याने दोन फेऱ्यांचा हिशेब एका फेऱ्याचा धरायचा. शाफ्ट पाच फेऱ्यांना जरासा कमी पडला. “पावणेपाँच से थोड़ा ऊपर,” मिस्त्री म्हणाले. झाकण उघडून दात मोजले, तेव्हा ८ आणि ३९ निघाले. म्हणजे ४.८८ पट. आधीच्या मालकाने सडकेवर वेग मिळावा आणि पेट्रोल वाचावे म्हणून मूळचे जोड बदलले होते.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या आसात हाच ८ आणि ३९ चा जोड असे. १९४५ साली तीच जीप शेतकऱ्यांसाठी म्हणून बाजारात आली, तेव्हा कारखान्याने टायरचे माप ६.००-१६ असेच ठेवले; बदलले ते दात. आसात ८ आणि ४३ चा जोड आला, आणि पेटीतल्या खालच्या दांडीची पट दोनाच्या जवळून अडीचच्या जवळ नेली. शिपायाला धावायचे असते, शेतकऱ्याला ओढायचे असते. आमच्या आधीच्या मालकाने शेतकऱ्याची जीप नकळत पुन्हा शिपायाची करून ठेवली होती.

त्यात पुतण्याने टायर वाढवले. ६.००-१६ चा टायर सुमारे २९ इंच उंच, ७.५०-१६ चा सुमारे ३२ इंच. चाक दहा टक्क्यांनी मोठे झाले की जमीन आसापासून तेवढीच दूर जाते, आणि आसाने तोच पीळ दिला तरी जमिनीवर लागणारा रेटा त्या प्रमाणात घटतो. लांब काठीच्या टोकाशी घागर धरण्यासारखे हे आहे; घागर तीच, काठी लांब झाली की मनगट दुखते. दोन्ही बदल एकत्र धरता ५.३८ चे काम आता ४.४२ करीत होते. मूळ जीपच्या मानाने अठरा टक्के ताकद गेली होती, आणि पावणेचारची चाल साडेचारच्या वर गेली होती. ही कमी चालकाने क्लच घसरवून भरून काढली. अठरा टक्के हा आकडा ऐकायला लहान वाटतो. त्या रात्री तो लहान नव्हता.

मग दादा, मिस्त्री आणि मी असे तिघे ओसरीवर हिशेब करीत बसलो. ३२ इंची चाके ठेवून मूळची ताकद हवी तर आसात जवळजवळ ५.९३ ची पट हवी; तसा जोड त्या आसासाठी मिळत नव्हता. ३२ इंची चाके आणि ८-४३ चा जोड घेतला तर मिळते ४.८७, म्हणजे टायर बदलण्यापूर्वीची स्थिती. आणि त्या स्थितीतही जीप दोनदा रुतली होती. तिसरा मार्ग मधला होता: ७.००-१६ चे सुमारे साडेतीस इंची टायर आणि ८-४३ चा जोड. त्याने ५.११ मिळत होते. मूळ ताकदीतले पाचच टक्के जात होते. उंची मात्र थोडीच वाढणार होती, कारण चाक दीड इंचाने मोठे झाले तर आस वर जातो तो त्याच्या निम्माच, पाऊण इंच. दादांनी हाच मार्ग पत्करला.

मिस्त्रींनी दोन अटी घातल्या. पहिली, जोड बदलायचा तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांत एकाच पटीचा बदलायचा. एकात एक आणि दुसऱ्यात दुसरा राहिला, तर चारही चाकांना जोर देताच दोन आस एकमेकांशी भांडू लागतील आणि मधली पेटी फुटेल. दुसरी अट, टायर रुंद नको, अरुंदच हवा, आणि त्याच्या नक्षीत मोठी मोकळी खाच हवी. आमच्या नाल्यात वरची माती हातभर मऊ असली तरी खाली मुरूम आहे. अरुंद चाक माती कापून मुरुमावर टेकते. रुंद चाक वरच तरंगत घसरते. बारीक नक्षी तर काळ्या मातीने क्षणात भरून जाते आणि टायर पाटीसारखा गुळगुळीत होतो. जेथे खाली तळच नाही, अशा वाळूत किंवा खोल गाळात, नियम उलटा: तेथे रुंद टायर आणि कमी हवा चांगली. म्हणून आधी जमीन पाहावी, मग टायर.

आणखीही काही गोष्टी आमच्या ध्यानात आल्या. मोठ्या चाकाला थांबवायला ब्रेकला अधिक जोर लागतो. भरलेली गाडी धनतालाबचा घाट उतरताना हे कळते, आणि तेथे खालचा गिअरच खरा ब्रेक होतो. वेगदर्शक काटा जुन्याच चाकाच्या हिशेबाने चालतो. चाक दहा टक्के वाढले तर काटा ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने धावत असते. वळताना टायर कमानीला किंवा पत्र्याला घासतो, आणि गाडीचा तोल वर सरकतो. पुढच्या पावसाळ्यात त्याच नाल्यातून जीप कितीदा गेली याची मोजदाद नाही. ती रुबाबदार दिसत नसे, मुंगीसारखी चढे.

हे सारे मी त्या मुलाला वाटेत सांगितले नाही. लोहारद्याला पोचलो तेव्हा गहू आणि हरभरा गुडघ्याएवढा झाला होता. पूर्वी ज्वारी आणि कापूस असलेल्या शेतांत आता खरिपाला सोयाबीन असते. गाव वाढले आहे, तेथे नगरपरिषद आहे. दक्षिणेकडचा मुलूखही पालटला. इंदिरा सागर धरणाच्या पाण्यात २००४ साली पलीकडचे हरसूद गेले, तेव्हा आमच्या सोयऱ्यांची काही घरेही गेली. आमच्या नाल्यावर मात्र अजून फरशीच आहे, आणि मोठ्या पावसात ती पाण्याखाली असते. दादा जाऊनही आता बारा वर्षे झाली.

जीप गोठ्याशेजारच्या छपरात उभी आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात. मुलाने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि टायर पाहून तो हसला. “आजोबा, एवढेसे टायर?” मी त्याला नाल्यावर नेले आणि मग त्याच्या पणजीची ती रात्र सांगितली. ही गोष्ट त्याने घरात कधी ऐकली नव्हती. त्याच्या बापाने ती सांगितली नसावी, आणि का सांगितली नसावी हेही मला समजते.

परत आल्यावर मी त्याच्या हाती खडू दिला. त्याने आपली गाडी सपाट जागी लावली, चाकांना दगड दिले, मागचे एक चाक उचलले आणि दोन फेरे फिरवले. शाफ्टचे फेरे मोजायला मी जमिनीवर पोते टाकून बसलो. आकडा त्याने वहीत लिहिला. २९ वरून ३३ म्हणजे सुमारे चौदा टक्के, हे त्याने स्वतःच काढले आणि जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे टायरांच्या किमतीत क्राउन-पिनियनचीही किंमत धरायला हवी. तीही दोन्ही आसांची.” मी म्हटले, “आणि कायद्याचीही.” मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने कारखान्याच्या मूळ स्वरूपापासून दूर जाणारे फेरफार करता येत नाहीत, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. अपघात झाला तर विम्याची मंडळी प्रथम टायरांचे माप पाहतील.

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी असे तरुण असतील. त्यांना नको म्हणून थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये. वाटेबाहेरची वाट धुंडाळण्याची हौस नसती तर आपले पणजोबा विंध्य उतरून इकडे आले नसते. मी त्याला एवढेच सांगितले की तू कोणत्या जमिनीवर, किती ओझे घेऊन, किती सावकाश जाणार आहेस ते आधी ठरव. त्यावरून दात ठरतील, आणि टायर सर्वांत शेवटी.

उन्हे कलल्यावर आम्ही निघालो. घाट चढताना त्याने न सांगता गिअर खाली घेतला. वर पठारावर आलो तेव्हा अंधार पडला होता. त्याने अजून टायर घेतलेले नाहीत. येत्या श्रावणात फरशीवर पाणी असताना एकदा नाला पाहायला जाऊ, असे तो म्हणतो. आणि या वेळी बाबांनाही घेऊन जाऊ, असेही.